देवघरातील पाच पाषाण आणि चालती भूमी

ज्या घरांत पंचायतनाची पूजा पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, तेथील वाचकांस ताम्हनातील ते पाच पाषाण नव्याने सांगावयास नकोत. विष्णूचा शालिग्राम, शिवाचा बाण, गणपतीचा तांबडा पाषाण, देवीची सुवर्णमुखी आणि सूर्याचा स्फटिक. ज्याचे जे आराध्य दैवत ते मध्यभागी आणि उरलेली चार कोपऱ्यांस, एवढाच काय तो घरोघरचा फरक. ह्या पाषाणांच्या मूळ स्थानांचाही संकेत ठरलेला आहे. शालिग्राम गंडकीचा, बाण नर्मदेचा, गणपती शोणभद्राचा, सुवर्णमुखी तिरुपती-कालहस्तीजवळून वाहणाऱ्या त्याच नावाच्या नदीची आणि स्फटिक तंजावराजवळच्या वल्लमचा. शिल्पकाराने ह्यांस हातपाय वा डोळे दिलेले नाहीत. नदीने वाहून आणले आणि भक्ताने ओळखले, हीच ह्यांची प्रतिष्ठा. आज बाजारात मिळणारे पुष्कळ बाण घासून गुळगुळीत केलेले असतात ही गोष्ट वेगळी. मूळ कल्पना सापडलेल्या दगडाची आहे.

ह्या पाषाणांस आम्ही रोज स्नान घालतो, गंध लावतो, विष्णूस तुळशीपत्र आणि शिवास बेल वाहतो. परंतु ते आले कोठून, ह्या प्रश्नाचे उत्तर नदीच्या नावापाशीच थांबवतो. नदीने तरी ते कोठून आणले? हा प्रश्न एकदा मनात आला, की तो आपणांस देवघराबाहेर फार दूरवर घेऊन जातो. कारण पाचांपैकी एक पाषाण समुद्राच्या तळाशी जन्मला आहे आणि सापडतो मात्र हिमालयाच्या कुशीत. समुद्राचा तळ पर्वतावर कसा गेला, हे मनुष्यास नीटपणे उमगण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्या उमगण्याचा इतिहास, आणि त्यातून आमच्या पायांखालच्या भूमीविषयी जे कळले ते, येथे थोडक्यात सांगावयाचे योजिले आहे.

नेपाळातील मुस्तांग प्रदेशात मुक्तिनाथाचे क्षेत्र समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या खालच्या खोऱ्यातून काली गंडकी वाहते. तेथील काळ्या, पापुद्रे सुटणाऱ्या खडकांत वाटोळे गोटे सापडतात. गोटा फुटला, की आत कड्याकड्यांचे वेटोळे दिसते. तेच शालिग्रामाचे चक्र. भूशास्त्र सांगते, की हे वेटोळे म्हणजे अ‍ॅमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा होय. गोमंतकात ज्यास माणकी म्हणतात त्या माकुलाचा हा दूरचा आप्त. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तो समुद्रात पोहत होता. मेल्यावर तळाच्या गाळात रुतला, गाळाचा खडक झाला आणि शंखाची आकृती त्या खडकात कायमची राहिली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ह्या प्राण्याचा वंशच पृथ्वीवरून नाहीसा झाला. आमच्या परंपरेने हे चक्र वज्रकीट नावाच्या कीटकाने कोरले असे मानले आहे. दगडातील ही रेषा जिवंत प्राण्याची आहे, एवढे त्या जुन्या कल्पनेलाही जाणवले होते. केवळ काली गंडकीकाठीच नव्हे, तर हिमालयाच्या सर्वोच्च शिखराच्या माथ्यावरील चुनखडकातही सागरी जीवांचे अवशेष आहेत.

हिमालयात शंखशिंपले सापडतात हे एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञांस ठाऊक होते. त्यांतील एडुआर्ड झ्यूस ह्या ऑस्ट्रियाच्या पंडिताने १८९३ मध्ये त्या नष्ट झालेल्या समुद्रास 'टेथिस' असे ग्रीक सागरदेवतेचे नाव दिले. समुद्रास नाव मिळाले. तो गेला कोठे, हे मात्र कळले नाही. पृथ्वी हळूहळू निवत आहे आणि वाळत्या फळाच्या सालीस सुरकुत्या पडाव्या तसे तिच्या पृष्ठावर पर्वत उठतात, अशी त्या काळची समजूत होती.

ह्या समजुतीस पहिला धक्का भारतातच बसला. १८५६ मध्ये ओरिसातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधू व त्यांचे सहकारी कोळशाच्या थरांची पाहणी करीत असता त्यांस मोठमोठ्या गोट्यांनी भरलेला एक थर आढळला. काही गोटे घासलेले, ओरखडे उठलेले होते. असे ओरखडे हिमनद्यांच्या तळाशी रगडल्या गेलेल्या दगडांवर उठतात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी उष्ण ओरिसात बर्फाची चादर होती, असा त्याचा अर्थ. पुढे तशाच खुणा दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेतही सापडल्या. बर्फानंतरच्या कोळशाच्या थरांत सर्वत्र एकाच वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने मिळाली; तिचे नाव ग्लॉसोप्टेरिस. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट व त्याचे सोबती मरण पावले, तेव्हा त्यांच्या तंबूत सुमारे १६ किलोग्रॅम दगड होते. जीव वाचवण्यासाठीही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांत हेच पान होते.

नागपूर, चंद्रपूर, मंडला ह्या भागांत ज्या गोंड राजांनी राज्य केले, त्यांच्या प्रदेशावरून मेडलिकॉट ह्या भूशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये ह्या खडकांस 'गोंडवन' ही संज्ञा दिली. तीच उचलून झ्यूस ह्याने १८८५ मध्ये दक्षिणेकडील सर्व भूमींच्या प्राचीन समूहास 'गोंडवनभूमी' म्हटले. एका वनवासी राजवंशाचे नाव अशा रीतीने पृथ्वीच्या अर्ध्या भूभागास लाभले, ही गोष्ट आमच्याकडे जितकी प्रसिद्ध असावयास हवी तितकी नाही. मात्र झ्यूसच्या मते ही भूमी जागच्या जागी होती. मधले भाग समुद्रात बुडाले आणि कडेचे उरले.

भूमी बुडाली नाही, ती चालली, असे धाडसाने म्हणणारा मनुष्य भूशास्त्रज्ञ नव्हता; तो हवामानाचा अभ्यासक होता. आल्फ्रेड वेगेनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्ट येथील व्याख्यानात आणि पुढे १९१५ च्या ग्रंथात सांगितले, की सर्व खंडे एकेकाळी एकत्र होती. ती फुटली आणि एकमेकांपासून दूर सरकली. हाच खंडविप्लवाचा सिद्धांत होय. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडेला कड लावून जुळवावे आणि छापील ओळीही जुळून याव्या, तशी खंडांची किनार व त्यांवरील खडक जुळतात, असे त्याचे म्हणणे. भारताविषयीही त्याने सांगितले, की तो दक्षिणेकडून येऊन आशियास भिडला आणि त्या रेट्याने हिमालय उठला.

परंतु खंडांस ढकलते कोण, ह्या प्रश्नास वेगेनरपाशी समाधानकारक उत्तर नव्हते. त्याने सुचवलेली बले फारच दुबळी आहेत, हे पदार्थवैज्ञानिकांनी गणिताने दाखवून दिले आणि विद्वानांच्या सभांतून त्याची थट्टा झाली. नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात, वयाची पन्नास वर्षे नुकतीच पूर्ण झाली असता, त्यास मृत्यू आला. त्याचा पुरावा पुष्कळसा खरा होता. कारण मात्र त्यास सापडले नव्हते. शास्त्रज्ञांनी कारण मागितले ह्यात त्यांचे चुकले नाही. कारण मिळेपर्यंत पुरावाच नजरेआड केला, येथे चुकले.

भारतातील अभ्यासकांस मात्र तो पुरावा नजरेआड करणे सोपे नव्हते. तो त्यांच्या हातातच होता. बडोद्याच्या महाविद्यालयात शिकलेले दाराशा नोशेरवान वाडिया ह्यांनी १९१९ मध्ये भारताच्या भूशास्त्रावर ग्रंथ लिहिला, तो कित्येक पिढ्यांनी अभ्यासला. काश्मीरच्या डोंगरांतून वर्षानुवर्षे पायपीट करून १९३१ मध्ये त्यांनी दाखवले, की नंगा पर्वतापाशी हिमालयाच्या रांगा केसपिनेसारख्या वळतात. कारण भारताच्या प्राचीन भूमीचे टोक तेथे आत घुसले आहे आणि रांगांना त्याभोवती वळसा घ्यावा लागला आहे. वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी ह्यांनीही १९३६ मध्ये वेगेनरच्या मताचा परामर्श प्राचीन वनस्पतींच्या आधारे घेतला.

निर्णायक साक्ष आली ती मात्र आमच्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून आणि अरबी समुद्राच्या तळातून. शिलारस निवत असता त्यातील लोहकण पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेने बसतात आणि खडक घट्ट झाला की तसेच राहतात. ही दिशा विषुववृत्तापाशी आडवी असते आणि ध्रुवाकडे जावे तसतशी कलत जाते. म्हणून दगडातील ही रेषा मोजली, की तो खडक कोणत्या अक्षांशावर जन्मला ते सांगता येते. १९५० नंतरच्या दशकात दख्खनच्या काळ्या पाषाणाचे नमुने इंग्लंडातील प्रयोगशाळांत अशा रीतीने तपासले गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झाले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स ह्यांनी १९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: हा पाषाण थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेस होती. आज मुंबई उत्तरेस १९ अंशांवर आहे. तेव्हापासून आतापर्यंत ही भूमी सुमारे पाच हजार किलोमीटर उत्तरेकडे आली, असे आता मानले जाते.

दुसरी साक्ष समुद्राची. अरबी समुद्राच्या नैर्ऋत्येस, भारत व आफ्रिका ह्यांच्या दरम्यान, पाण्याखाली कार्ल्सबर्ग नावाची पर्वतरांग आहे. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय पाहणीच्या काळात, १९६२ मध्ये, 'ओवेन' ह्या ब्रिटिश नौकेने तिच्यावरून जात तळाचे चुंबकत्व मोजले. ते पट्ट्यापट्ट्यांचे निघाले: एक पट्टा आजच्या दिशेचा, तर शेजारचा उलट दिशेचा. पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून उलटे होते हे ज्ञात होते. १९६३ मध्ये फ्रेडरिक व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज ह्यांनी त्याचा अर्थ लावला. ह्या रांगेच्या माथ्याशी तळ दुभंगतो, खालून शिलारस येतो, थिजतो आणि दोन्ही बाजूंस सरकतो. पुन्हा नवा येतो. प्रत्येक पट्टा म्हणजे त्या त्या काळच्या चुंबकत्वाची मुद्रा. समुद्राचा तळ नित्य नवा जन्मतो आणि पसरतो, ही अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी हेस ह्यांनी १९६२ मध्ये मांडलेली कल्पना अशा रीतीने पटण्याजोगी झाली. ह्याच आंतरराष्ट्रीय पाहणीच्या कार्यातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य स्थान आज गोव्यात दोना पावला येथे आहे.

१९६७-६८ पर्यंत सर्व धागे एकत्र आले आणि भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला. त्याचे सार असे. पृथ्वीचे बाह्य कवच एकसंध नाही. ते सुमारे शंभर किलोमीटर जाडीच्या काही मोठ्या व अनेक लहान शिलापट्टांचे बनलेले आहे. त्यांखालचा खडक इतका तप्त आहे, की घन असूनही तो दीर्घ काळात मेणासारखा सरकतो. समुद्रातील रांगांपाशी पट्टांस नवी भर पडते. दुसऱ्या टोकास, खोल गर्तांपाशी, जुना व निवून जड झालेला सागरतळ पृथ्वीच्या पोटात बुडतो आणि आपल्यामागे सबंध पट्टास ओढतो. ही ओढ पट्टांच्या गतीचे सर्वांत मोठे कारण होय. खंडे ह्या पट्टांवर बसून प्रवास करतात. खंडांचा खडक हलका असल्यामुळे तो सहजासहजी बुडत नाही. म्हणून दोन खंडे समोरासमोर आली, की पर्वत उठतो. वेगेनरपाशी नव्हते ते कारण हेच.

आता ह्या ज्ञानाच्या आधारे आमच्या भूमीचा प्रवास पाहू. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवनभूमीस तडे जाऊ लागले. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत व मादागास्कर एकत्रच अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलियापासून सुटले. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर मागे राहिले आणि भारत पुढे निघाला. आमचा पश्चिम किनारा हा त्या ताटातुटीचा काठ होय. उडुपीजवळ मालपे बंदरासमोर सेंट मेरी नावाची बेटे आहेत. तेथील षट्कोनी खांबांचा खडक त्याच काळच्या शिलारसाचा आहे. गोव्याच्या पूर्व सीमेवर अनमोड घाटात जे खडक दिसतात ते तीनशे कोटी वर्षांहून जुने, म्हणजे भारतातील अतिप्राचीन खडकांपैकी. आणि धारवाड-गोवा भागातील ह्या प्राचीन भूमीचा तुटलेला भाग मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर सापडतो. काळी व मोले ह्यांच्यापलीकडे समुद्रच असावा असे आपणांस वाटत नाही. त्याचप्रमाणे कोणे एके काळी मुरगावच्या पलीकडेही समुद्र नव्हता, भूमीच होती.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आज जेथे रेयुनियाँ बेट आहे त्या स्थानावरून भारत जात असता, पृथ्वीच्या पोटातून शिलारसाचा महापूर आला. तो एका ज्वालामुखीच्या मुखातून उसळला नाही. लांबच लांब भेगांतून, थरावर थर, लक्षावधी वर्षे पसरत राहिला. आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्या काळ्या पाषाणाने आच्छादिलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरांच्याही वर जाते. हेच दख्खनचे पठार. बेळगाव ह्या पाषाणाच्या दक्षिण सीमेजवळ आहे, इंदूर त्याच्या उत्तरेकडील माळव्याच्या भागावर, तर बडोद्यानजीकचा पावागड, जेथे महाकाली बसली आहे, तोही त्याच अग्निपर्वाचा अवशेष. राष्ट्रकूट कृष्ण पहिला ह्याच्या काळी, आठव्या शतकात, वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले ते ह्याच पाषाणात. शिलारसाचे थर इतके सलग व समतल नसते, तर डोंगर वरून खाली कोरीत येऊन अखंड देवालय काढण्याची कल्पना कोणास सुचली असती की नाही, ह्याची शंकाच आहे.

ह्या महापुरानंतर थोड्याच काळाने सेशेल्स बेटांची भूमीही भारतापासून तुटली. किनाऱ्याची बाजू खचली, पठाराची कड उंच राहिली आणि पुढे झिजत झिजत मागे सरली. ती कड म्हणजे सह्याद्री. म्हणूनच त्र्यंबकेश्वरास उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून केवळ ८० किलोमीटरांवर जन्मूनही त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून पूर्वसमुद्रास मिळते. महाबळेश्वरच्या कृष्णेचेही तेच. जेथे कुंभमेळ्यास लक्षावधी लोक स्नान करतात त्या नदीची दिशा एका खंडाच्या भंगाने ठरवली आहे.

ह्या काळात भारताचा वेग वर्षास सुमारे १५ सेंटीमीटर, किंबहुना त्याहूनही अधिक होता. हा वेग मुंगीसही हसू आणील. परंतु एक कोटी वर्षे तो टिकला, की १,५०० किलोमीटर अंतर कापले जाते. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताची उत्तर कड आशियास भिडली. मधला टेथिस समुद्र मिटला. त्याचा बराचसा तळ आशियाखाली गेला आणि भारताच्या कडेवरचा गाळ चोळामोळा होऊन, घड्यांवर घड्या पडून, आकाशाकडे उचलला गेला. त्या गाळात माकुलाच्या दूरच्या आप्तांचे शंख होते. काली गंडकीने पर्वत चिरला, खडक फुटले आणि शंखाची ती मुद्रा पाण्यात पडली. तेथून ती यात्रेकरूच्या पडशीतून आमच्या देवघरात आली. शालिग्राम कोठून आला, ह्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर असे आहे.

ताम्हनातील इतर पाषाणही आता निराळे दिसू लागतात. बाण नर्मदेचा आणि गणपती शोणभद्राचा. ह्या दोन नद्या अमरकंटकच्या परिसरात जवळजवळच्या ठिकाणी उगम पावून एक पश्चिमेस व दुसरी पूर्वेस जाते. त्या दोघींच्या खोऱ्यांतून एकच प्राचीन भूभंग गेला आहे. भारताच्या उत्तर व दक्षिण भूमींमधली ती शिवण होय. पिता व पुत्र ह्यांचे पाषाण एकाच शिवणीच्या दोन टोकांकडून यावेत, हा योग मनोहर आहे. सुवर्णमुखी ज्या भागातून वाहते तो दक्षिणेतील अतिप्राचीन शिलांचा प्रदेश. हिमालयाचे नावही नव्हते तेव्हा तो होता. ज्यांनी हा पूजेचा क्रम लावला, त्यांस भूशास्त्र ठाऊक नव्हते. त्यांनी चहूंकडच्या तीर्थांचे एकेक चिन्ह एका ताम्हनात ठेवले आणि नकळत भूमीचाच नकाशा ठेवला.

येथे आम्हांस दोन टोकांच्या मतांविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. एक पक्ष म्हणतो, की हे सर्व आमच्या पुराणांत होतेच. परशुरामाने बाण सोडून समुद्र हटवला आणि कोकण-गोमंतकाची भूमी काढली, ही कथा म्हणजे भूपट्टांचेच ज्ञान होय, असे व्याख्यानांतून ऐकू येते. हे आम्हांस मान्य नाही. किनारा दुभंगला तो कोट्यवधी वर्षांपूर्वी. मनुष्यजातीचे वय फार तर तीन लक्ष वर्षे. त्या घटनेची स्मृती कोणास असणे शक्य नाही. कथेस विज्ञानाचे प्रमाणपत्र जोडल्याने कथेचा मान वाढत नाही. उलट तिचे खरे मर्म हरवते. समुद्र व पर्वत ह्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत, खारट पाण्याशी झुंजत, बांध घालून खाजण राखणाऱ्या लोकांनी ही भूमी देवाने मिळवून दिलेली आहे, ती आयती नाही, असे आपल्या मुलाबाळांस सांगितले. ते तेवढ्यापुरते सर्वस्वी खरे आहे. दुसरा पक्ष म्हणतो, की शालिग्राम हा मेलेल्या प्राण्याचा शंख ठरला, आता त्याची पूजा ती कसली? ह्याही पक्षास आम्ही विनयाने विचारू, की पंधरा कोटी वर्षे समुद्रात, पाताळात व पर्वतशिखरी राहून जो पाषाण हाती आला, त्यापुढे हात जोडावेसे वाटणे ह्यात अडाणीपणा तो कोठला? तो काय आहे हे कळल्याने आमचा नमस्कार अधिक खाली वाकला आहे.

आणखी एक गोष्ट. अमरकोशाने भूमीच्या नावांत 'अचला' आणि 'स्थिरा' ही नावे दिली आहेत. आमच्या समाजास स्थलांतर नवे नाही. १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. कोणी पेशवाईच्या सरदारांबरोबर इंदुरास, ग्वाल्हेरीस, बडोद्यास गेले आणि तेथलेच झाले. देव हलले, माणसे हलली. भूमी मात्र जागच्या जागी आहे, असा आमचा विश्वास. परंतु आजही भारताचा पट्ट वर्षास सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. मंगेश प्रियोळास आल्यापासून आजवर ते देवस्थान, ती कुशस्थळी आणि मधली झुआरी, सर्व मिळून वीस मीटरांहून अधिक अंतर चालली आहेत. ज्या भूमीवर देवाचे पुनःस्थापन झाले, तीही यात्रेतच होती.

ही यात्रा निरुपद्रवी नाही, म्हणून हा विषय केवळ कुतूहलाचा राहत नाही. भारत आशियास रेटतो आहे, तो ताण हिमालयात साठतो आणि अधूनमधून सुटतो. २५ एप्रिल २०१५ रोजी शालिग्रामाच्याच देशात, नेपाळात, ७.८ महत्तेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे गेली आणि काठमांडूतील शतकानुशतकांची देवालये क्षणात ढासळली. तो ताण हिमालयापुरताच राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून मराठवाड्यातील गावे झोपली असता, किल्लारीच्या परिसरात भूमी हादरली. भूकंपाची महत्ता ६.२ च्या आसपास होती. ह्याहून पुष्कळ मोठे भूकंप काही देशांत तुरळक हानी करून जातात. येथे हजारो माणसे दगावली, ती चिखलात रचलेल्या गोलसर दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे अंगावर कोसळून. 'दख्खनची भूमी म्हणजे कातळ. ती काय हलणार!' ह्या समजुतीचे हे मोल होते. भूमी हलवते, मारते ते बहुधा आमचे बांधकाम.

सांप्रत गावोगावी देवालयांचे जीर्णोद्धार चालू आहेत. जुन्या जांभ्याच्या भिंतींवर काँक्रीटचे जड सभामंडप चढवले जातात, शिखरे उंचावली जातात. उत्सवाच्या दिवशी हजारो माणसे त्याखाली उभी राहतात. समित्यांतून संगमरवराचा रंग व कळसाचा मुलामा ह्यांवर घटकान्‌घटका चर्चा होते. तीच आस्था, हा पाया हे ओझे भूकंपात पेलेल काय, हा प्रश्न जाणत्या स्थपतीस विचारण्यात दाखवली जावी, एवढीच आमची विनंती आहे. भूमीस अचला समजून बांधणे ही श्रद्धा नव्हे. ती चालते हे जाणून तिच्यावर भक्तांसाठी निर्धास्त छत उभारणे, हीही तिची पूजाच आहे.

पहाटे अंथरुणातून उठताना, भूमीस पाय लावण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याची रीत अनेक घरांतून आजही आहे. ती रीत ज्यांनी पाळली त्यांस भूमी जिवंत वाटत होती. विज्ञानाने तिची चाल मोजली, तिचा जुना मार्ग शोधला आणि तिचे वय सांगितले. उद्या सकाळी ताम्हनात पाणी घालताना त्या काळ्या गोट्यावरील वेटोळ्याकडे एक क्षण अधिक पाहावे. एक समुद्र मिटला, तेव्हा त्याची ही एवढी खूण आपल्यापर्यंत पोचली आहे. आणि जिच्यावर आपले देवघर आहे, ती भूमी त्याच वाटेने अजून चालत आहे.